बेस गिटारचा ॲम्प घेताना आणि वाढवताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणारे नेहमीचे प्रश्न

श्रावण लागला की माझा फोन वाजायला लागतो. गणपतीच्या सुपाऱ्या ठरलेल्या असतात, कुणाचा जुना ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) फुरफुरत असतो, कुणाला पहिल्यांदाच स्वतःचा घ्यायचा असतो. "दादा, किती वॅटचा घेऊ सांगा की," हा प्रश्न हमखास पहिला. तोच मी शेवटी विचारला असता. दरवर्षी तीच उत्तरं तोंडी देऊन घसा बसतो, म्हणून या वेळी लिहून काढली. मी ऑर्केस्ट्रात, लग्नांत आणि चर्चच्या कार्यक्रमांत बेस वाजवतो. इंजिनिअर नाही, पण पदरचे पैसे घालून बऱ्याच चुका करून झाल्या आहेत.

गिटारचा ॲम्प घरी आहे. त्यावर बेस चालणार नाही का?

घरात, हळू आवाजात चालेल. जोरात वाजवलात तर स्पीकर मरेल. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बेसची ई तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, ४१ हर्ट्झला. एवढा खालचा सूर काढायला कोनला, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या शंकूला, पुढे-मागे खूप हलावं लागतं. गिटारच्या स्पीकरचा कोन त्यासाठी केलेलाच नसतो. आधी फडफड ऐकू येते, मग कोनमागची तारेची गुंडाळी, कॉइल, घासायला लागते, मग दुरुस्तीवाला.

उलटं, म्हणजे बेसच्या ॲम्पवर गिटार, मात्र बिनधास्त चालतं. फेंडर कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस काढला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला बेसमन नावाचा ॲम्प. तो ॲम्प पुढे गिटारवाल्यांनीच डोक्यावर घेतला, इतका की मार्शल कंपनीचा पहिला ॲम्प त्याच्याच सर्किटवर बेतला गेला. बेसवाल्यांच्या वाट्याचं गिटारवाले पळवतात ते तेव्हापासून.

कीबोर्डचा ॲम्प असेल तर तो गिटारच्या ॲम्पपेक्षा बरा. सुरुवातीची दोन वर्षं मी तशीच काढली.

बरं, पण वॅट किती?

घरी रियाजाला २० ते ४०. ड्रमसेटबरोबर खोलीत तालीम करायची तर २०० च्या आसपास. मंगल कार्यालयात किंवा मंडपात, साउंडवाला बेस त्याच्या मिक्सरवर घेणार नसेल तर ३०० ते ५०० आणि त्याला साजेसे डबे, म्हणजे स्पीकरची कॅबिनेटं. साउंडवाला घेणार असेल तर २०० पण पुष्कळ, कारण मग लोकांना ऐकू जातो तो त्याचा बेस. तुमचा ॲम्प तुमच्यासाठी आणि ढोलकीवाल्यासाठी.

आता हे आकडे विसरा. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे 'हं, थोडा वाढला' असं वाटण्याइतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून ३०० चा ॲम्प विकून ५०० चा घेतलात तर पदरात दोन डेसिबल पडतात. तेवढं तर जेवायला बसलेल्या मंडळींनी बोलणं थांबवलं तरी मिळतं.

गिटारवाला ५० वॅटवर कान फाडतो आणि आपल्याला ३०० पण अपुरे पडतात, हे का? आपला कान खालच्या सुरांना मुळातच मंद आहे. मधल्या पट्टीतला सूर आणि ४०-५० हर्ट्झचा सूर सारखेच मोठे वाटायचे असतील तर खालच्याला कितीतरी जास्त ताकद द्यावी लागते. हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय.

अजून एक. 'आरएमएस' किंवा 'कंटिन्युअस' लिहिलेला आकडाच खरा धरा. 'पीक' आणि 'पीएमपीओ' हे दुकानदाराच्या समाधानासाठी असतात. मी एकदा एका दुकानातून '४०० वॅट' असा ठसठशीत कागद चिकटवलेला डबा आणला. घरी येऊन मागची बारीक अक्षरं वाचली तर खरे निघाले १००. दुकानदार म्हणाला, चारशे पण खोटं नाही, क्षणभर देतो की.

वॅट नाही तर मग काय बघायचं?

स्पीकरची संवेदनशीलता. कागदावर '१ वॅट, १ मीटर' असं लिहून पुढे डेसिबलमध्ये आकडा देतात. एका डब्याचा ९७ आणि दुसऱ्याचा १०० असेल, तर दुसरा डबा निम्म्या वॅटमध्ये तेवढाच वाजेल. म्हणजे तो घेणं हे फुकटात ॲम्प दुप्पट करण्यासारखं आहे. या आकड्याला कुणी हात लावत नाही, कारण डब्यावर तो मोठ्या अक्षरांत छापलेला नसतो.

दुसरं म्हणजे हवा ढकलणारं एकूण क्षेत्रफळ. एक छोटा स्पीकर जीव तोडून जे करील ते चार स्पीकर सहज करतात. आणि तिसरं, मागे ओहमचा आकडा. त्यावर खाली मोठा अध्याय आहे.

कॉम्बो घेऊ की हेड आणि कॅबिनेट वेगवेगळं?

कॉम्बो म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच डब्यात; हेड म्हणजे नुसता ॲम्प, स्पीकरचा डबा वेगळा. मोटरसायकलवर मागे कुणाला तरी धरायला लावून नेणार असाल तर कॉम्बो. एकच नग, एकच वायर, विसरायला काही नाही. पण कॉम्बो घेताना मागे पाहा. 'एक्स्टेंशन स्पीकर' किंवा 'एक्स्टर्नल स्पीकर' असं जॅक आहे का? नसेल तर तो कॉम्बो वाढणार नाही. आहे तेवढाच राहणार, आणि दोन वर्षांनी विकावा लागणार.

वाढवायचं डोक्यात असेल तर हेड आणि डबा वेगळा घ्या. पूर्वी हेड म्हणजे लोखंडाचा गोळा असायचा. आताची 'क्लास डी' या नव्या हलक्या जातीची हेडं दोन-तीन किलोची असतात, पाठीवरच्या पिशवीत मावतात. वडापमध्ये मांडीवर घेऊन मी जांबोटीपर्यंत गेलोय. डबा मात्र मांडीवर बसत नाही, त्यामुळे वजनाचा विचार डब्याच्या बाबतीत करा. निओडायमियम चुंबकाचे स्पीकर असले तर डबा बराच हलका होतो, किंमत मात्र चढते. कमरेचं दुखणं आणि पैसे यांत काय परवडतं ते ज्याचं त्याने ठरवावं. पस्तिशीनंतर उत्तर बदलतं.

दहा इंची स्पीकर चांगला की पंधरा इंची? पंधराला बेस जास्त असतो ना?

हा समज आपल्याकडे डॉल्बीच्या भिंती बघून आला आहे. नुसत्या स्पीकरच्या आकारावरून खालचा सूर किती येईल ते ठरत नाही. कोन किती लांब हलू शकतो, डबा किती मोठा आहे, बंद आहे की भोकाचा आहे, या सगळ्यावर ते ठरतं. चांगला बारा इंची डबा हलक्या पंधरा इंचीला गुंडाळून ठेवतो.

एक गंमत सांगतो. बेसवाल्यांच्या देव्हाऱ्यातला डबा म्हणजे दहा इंची आठ स्पीकरांचा, अँपेग कंपनीचा फ्रीजएवढा बंद डबा. १९६९ साली आलेल्या ३०० वॅटच्या एसव्हीटी नावाच्या हेडबरोबरचा. त्याच्या आजच्या अवताराच्या कागदावर काय लिहिलंय? ५८ हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने उतरलेला. म्हणजे ४१ हर्ट्झचा ई त्यातून धड बाहेरच पडत नाही. तरी जग म्हणतं, काय बेस आहे! कारण आपण 'भरीव' म्हणतो तो आवाज मूळ सुरापेक्षा त्याच्या वरच्या पटीचा असतो, ८२ हर्ट्झच्या आणि त्याच्याही वरचा. अगदी खालचं गुरगुरणं खोलीत छान वाटतं, मंडपात नुसता चिखल होतो.

माझं मत विचाराल तर: एकच डबा घ्यायचा असेल तर एक बारा इंची किंवा दोन दहा इंची. पंधरा इंची वाईट नाही, पण नेण्या-आणण्यात अंगावर येतो.

ओहमचं काही कळत नाही. सोपं करून सांगा.

इथे जरा थांबून वाचा. बाकीच्या चुकांना पैसे जातात, या चुकीला ॲम्प जातो.

ओहम म्हणजे स्पीकरचा अडथळा. अडथळा जितका कमी तितका ॲम्पमधून जास्त करंट ओढला जातो. प्रत्येक हेडच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा ४. म्हणजे सगळे डबे मिळून अडथळा ४ च्या खाली जाता कामा नये.

डबे जोडले की ओहम वाढत नाहीत, उतरतात. ८ ओहमचे दोन डबे मिळून ४. चारचे दोन मिळून २. आठचे तीन मिळून अडीचच्या थोडं वर. आणि आठाचा एक, चाराचा एक असे जोडलेत तर २.६७, शिवाय दोन तृतीयांश ताकद चाराचा डबा एकटा खातो, आठाचा उपाशी.

"पण मी दुसरा डबा ॲम्पला लावतच नाही, पहिल्या डब्याच्या मागच्या जॅकमधून घेतो," असं एकाने मला फार हुशारीने सांगितलं होतं. डब्यावरची ती दोन जॅक आतून एकमेकांना जोडलेली असतात. ॲम्पमधून दोन वायरी काढा नाहीतर डब्यातून डब्यात न्या, ॲम्पच्या दृष्टीने एकच.

मी हे कसं शिकलो? निपाणीच्या बाजूला गणपतीतला कार्यक्रम. माझा आठाचा डबा, मित्राचा चाराचा, हेडवर स्पष्ट लिहिलेलं किमान ४. जोडले. पहिली दोन गाणी असा आवाज की छाती भरून आली. तिसऱ्यात हेड गप्प. लाल दिवा. थंड झालं की सुरू, अर्ध्या कडव्यात पुन्हा गप्प. शेवटी कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस वाजवून कार्यक्रम काढला आणि मी पुढे उभा राहून वाजवल्याचं नाटक केलं. हेडला संरक्षण होतं म्हणून वाचलं. जुन्या हेडांना ते नसतं, तिथे धूर येतो.

तर सूत्र एवढंच: पहिला डबा आठ ओहमचाच घ्या. एकट्या आठाच्या डब्यावर ५०० वॅटचं हेड साधारण २५० ते ३०० वॅट देईल. चालेल, तेवढ्यात दोन वर्षं निघतात. मग त्याच कंपनीचा तसाच दुसरा आणा, हेड पूर्ण ताकदीला येईल. पहिलाच डबा चाराचा घेतलात तर बहुतेक हेडांवर गाडी तिथेच थांबली. दुकानदार चाराचा गळ्यात मारतो, कारण दुकानात तो जास्त दणकून वाजतो.

डब्यावरचा कागद निघून गेलाय. ओहम कसे ओळखू?

मल्टिमीटर लावा. वायर डब्यात घाला, दुसऱ्या टोकाला मोजा. साडेपाच-सहाच्या आसपास आकडा आला तर डबा आठाचा, तीन-साडेतीन आला तर चाराचा. मीटर नेहमी थोडा कमीच दाखवतो, कारण तो फक्त तारेचा सरळ अडथळा मोजतो.

दुसरा डबा घेतल्याने खरंच किती फरक पडतो?

वॅट वाढवून पडतो त्यापेक्षा खूप. सारखाच दुसरा डबा लावला की ढकलायची हवा दुप्पट, त्याचे ३ डेसिबल. ओहम निम्मे झाल्याने हेड जास्त वॅट देतं, त्याचे आणखी दोन-अडीच. म्हणजे पाच-साडेपाच डेसिबल झाले. तेवढं नुसत्या हेडमधून काढायचं तर तिप्पट-चौपट वॅटचं हेड लागेल आणि तो एकटा डबा तेवढे सोसणार नाही.

दुसरा डबा वेगळ्या प्रकारचा घेतला तर? खाली पंधरा, वर दोन दहा असं छान दिसतं.

दिसतं छान. वाजतं कधी छान, कधी पोकळ. दोन वेगळे डबे एकाच सुराला वेगवेगळ्या वेळी पुढे-मागे होतात, काही सूर एकमेकांना मारतात. शिवाय एक आधी दमतो आणि तुम्हाला त्याच्या मर्यादेत राहावं लागतं. नशिबाने जमलेली जोडी मी ऐकली आहे, पण मुद्दाम पैसे घालून हा जुगार कशाला?

डबे शेजारी ठेवू की एकावर एक?

एकावर एक. वरचा डबा कानाजवळ येतो, तुम्हाला स्वतःचं ऐकू येतं, आवाज वाढवायची खुमखुमी कमी होते. शेजारी ठेवले की वरचे सूर समोरच्या पट्ट्यात गोळा होतात आणि स्टेजच्या बाजूला उभ्या असलेल्या गायकाला काहीच कळत नाही. फक्त एवढं करा, वरचा डबा पट्ट्याने बांधा. आपल्याकडची स्टेजं पिंपं आणि पाटांवर उभी असतात, लेझीम सुरू झालं की सगळं नाचतं.

स्टेजवर माझा एखादाच सूर गायब होतो किंवा एखादाच घुमतो. ॲम्पमध्ये दोष आहे का?

बहुतेक वेळा जागेचा दोष असतो. मागे भिंत असेल आणि स्पीकर तिच्यापासून एक मीटर पुढे असेल, तर भिंतीवर आपटून परत आलेला आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाऊन टाकतो. तो सूर म्हणजे डी तारेवरचा तिसरा पडदा, एफ. तेवढाच सूर गायब, बाकी सगळं ठीक. डबा सरळ भिंतीला चिकटवा, तो खड्डा वरच्या सुरांकडे सरकतो आणि शिवाय खालचा बेस फुकटात वाढतो. कोपऱ्यात ठेवला तर आणखी वाढतो, कधी कधी नको इतका.

घुमणं मात्र पोकळ लाकडी स्टेजचं. पाट स्वतःच वाजायला लागतात. डब्याखाली जाड फोम घाला, नाहीतर रिकामी खुर्ची किंवा दुधाचा प्लास्टिकचा क्रेट. मी वर्षभर क्रेटवरच वाजवतो. दुधवाल्याने अजून मागितलेला नाही.

"बेसची लाट आठ मीटर लांब असते, म्हणून ॲम्पसमोर आठ मीटरवर गेल्याशिवाय बेस ऐकूच येत नाही," हे पण ऐकलं असेल. लाट ८.३ मीटरची असते हे खरं, बाकीचं खोटं. नाहीतर कानात घालायच्या बोंडकातून बेस आलाच नसता.

गिटारची वायर स्पीकरला चालते का? दोन्हीकडे पिन सारखीच आहे.

पिन सारखी आहे, वायर नाही. गिटारच्या वायरीत मधे केसाएवढी बारीक तार आणि भोवती जाळी असते. तिच्यातून शेकडो वॅट ढकलले की ती तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, दोन्ही तारा एकमेकींना चिकटतात आणि ॲम्प शॉर्ट. स्पीकरला दोन जाड तारांची वायर लागते. आता बहुतेक डब्यांना निळ्या तोंडाचा स्पीकॉन असतो, फिरवून बसवायचा. तो गिटारमध्ये जातच नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही. स्पीकॉन आहे तिथे तोच वापरा.

साउंडवाला म्हणतो ॲम्प नको, सरळ मिक्सरला द्या. ऐकू का त्याचं?

दोन्ही करा. चांगल्या हेडच्या मागे डीआय आउट, म्हणजे आवाज सरळ मिक्सरला द्यायचं तोंड असतं, माइकची वायर लागते तसलं तीन पिनांचं. ते मिक्सरला द्या, ॲम्प स्वतःकडे ठेवा. तिथे 'प्री' आणि 'पोस्ट' असं बटण असेल तर 'प्री'वर ठेवा, म्हणजे तुम्ही तुमच्यासाठी बेस-ट्रेबल फिरवलात तरी मिक्सरकडे मूळ आवाजच जातो. घूं घूं आवाज आला तर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण दाबा. हेडला डीआय नसेल तर वेगळी डीआय पेटी मिळते. माझ्या मते ॲम्पच्याही आधी घ्यायची वस्तू तीच.

आणि साउंडवाल्याशी गोडीने बोला. आपल्याकडे निम्मे साउंडवाले कन्नड बोलणारे. "बेस स्वल्प जास्ती माडरी," म्हणजे बेस जरा वाढवा, एवढं म्हटलं की तो हसून मिक्सरवरची आवाजाची पट्टी वर करतो. मराठीत आरडाओरडा करणाऱ्याचा बेस कार्यक्रमभर खालीच राहिलेला मी पाहिलाय. भाषेच्या भांडणातलं नव्हे हे, साधं माणुसकीचं.

मंडळाकडे अहुजाचा ॲम्प आणि भोंगे आहेत. त्यावर बेस वाजवता येईल?

भोंग्यावर नाही. भोंगा बोलण्यासाठी आहे, खालचा सूर त्याला पेलतच नाही. ॲम्पच्या बाबतीत सावध राहा. त्या जातीच्या ॲम्पच्या मागे ४, ८, १६ ओहम असे स्क्रू असतात आणि शेजारीच १०० व्होल्टचा स्क्रू असतो. तो लांबवर ओढलेल्या, ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या भोंग्यांसाठी. तिथे चुकून आठ ओहमचा डबा लावलात तर ॲम्पवर जबरदस्त भार पडतो, कुणीतरी एक जळणार. ८ च्या स्क्रूला आठाचा डबा लावून, डीआयमधून बेस देऊन, हळू आवाजात काम भागतं. भजनाला पुरतं.

आमच्या गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. ॲम्पला काही होईल का?

हेडच्या मागे पुरवठ्याचा आकडा वाचा. '१०० ते २४० व्होल्ट' असं लिहिलेलं हेड १८० ला पण मुकाट वाजतं. '२३०' एवढंच लिहिलेलं, जड ट्रान्सफॉर्मरचं हेड मिणमिणतं, ताकद कमी होते, आवाज लवकर फाटतो. व्होल्टेज पडण्यापेक्षा चढणं वाईट. जनरेटरवर लायटिंगचा मोठा भार एकदम बंद झाला की व्होल्टेज उसळी मारतं. म्हणून लाइन जाऊन जनरेटर सुरू होतोय, किंवा उलट होतंय, त्या मिनिटात ॲम्प बंद ठेवा. दौरे जास्त असतील तर सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. घरातल्या स्वस्त चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ॲम्प घूंघूं करतो, त्यात ॲम्पचा दोष नाही.

घूं आवाज घालवायला साउंडवाल्याने प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली. आवाज गेला. ठीक आहे ना?

नाही. ती पिन परत बसवेपर्यंत वाजवू नका. बेसच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि तुमचे हात तारांवर असतात. ॲम्पमध्ये काही बिघडलं आणि अर्थिंग नसलं, तर तुम्ही कोरस द्यायला माइकला ओठ लावताच वीज तुमच्यातून जाईल. पावसात भिजलेल्या मंडपात तर विषयच नको. घूं घालवायचा तर डीआयच्या ग्राउंड लिफ्टने घालवा, प्लगने नव्हे. मंडपात गेल्यावर पहिलं काम इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटला अर्थिंग आहे का ते बघून घ्यायचं. चहा नंतर.

मामा अमेरिकेहून ॲम्प आणतोय. इथे चालेल?

मागे १२०-२४० चा स्विच आहे का ते आधी फोटो मागवून बघा. फक्त १२० असेल आणि आपल्या २३० ला लावलात तर एक 'फट्' आणि खेळ संपला. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो आणखी एक जड नग. दुबईहून येणाऱ्या मालाला ही अडचण नाही, तिथे आपल्यासारखंच व्होल्टेज आहे. मामाला म्हणावं ॲम्प नको, चांगली बेस आण.

पाच तारांची बेस घेतली तर ॲम्प बदलावा लागेल?

बदलू नका, जपून वाजवा. पाचवी, बी तार ३१ हर्ट्झची. तिथे कोन फार लांब हलतो आणि ऐकू फारसं येत नाही. हेडवर 'हाय पास' फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) असेल तर ३५-४० हर्ट्झच्या आसपास लावून ठेवा. नसेल तर बेसचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवायची सवय सोडा. स्पीकर फाटतात ते बहुतेक वेळा त्या बटणामुळे.

वॉल्व्हचा ॲम्प घ्यावा का?

वॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्या. ज्याच्याकडे टेंपो आणि दोन धडधाकट मित्र आहेत त्याने घ्यावा. वर सांगितलेल्या एसव्हीटीच्या हेडमध्ये १४ वॉल्व्ह आणि वजन चाळीस किलोच्या घरात. आवाज देवाघरचा. पण वॉल्व्हच्या ॲम्पला दोन नियम: स्पीकर जोडल्याशिवाय कधीही सुरू करायचा नाही, आणि मागचा ओहमचा खटका डब्यांच्या एकूण ओहमशी जुळलेला हवा. नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तो वळून देणारा आता शोधावा लागतो.

जुना माल घ्यायला गोव्याला जाऊ का? काय तपासायचं?

जा की. बेळगावहून चोर्ला घाटाने पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिकडे बँडवाले जास्त म्हणून विकायला निघालेला मालही जास्त. कोल्हापूर आणि हुबळी त्याहून जवळ, पण तिथे बेसचा माल कमी, साउंडवाल्यांचा जास्त. ऑनलाइन मागवला तर परत करायचा खर्च आधी विचारा. पन्नास किलोचा डबा परत पाठवणं म्हणजे मुलगी सासरी पाठवण्यापेक्षा अवघड.

तपासायला स्वतःची बेस आणि स्वतःची वायर न्या. समोरची जाळी काढायला लावा. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय, उठून या. मग ई तार मोकळी, जरा जोरात वाजवा आणि डब्याच्या कडेला कान लावा. हवा फुसफुसत असेल तर सांधा सुटलाय, तो फेव्हिकॉलने जमतो, पैसे कमी करून घ्या. सगळी बटणं फिरवून बघा. नुसती खरखर असेल तर काँटॅक्ट क्लीनरचं काम. स्पीकर बदललेला असेल तर दीड व्होल्टचा साधा सेल वायरीच्या टोकांना क्षणभर लावा. प्लसला प्लस लावल्यावर सगळे कोन एकाच दिशेला, बाहेर उडी मारायला हवेत. एखादा आत गेला तर तो उलटा जोडलाय. हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं आणि पाच मिनिटांत सुधारतं.

खानापूरचा पाऊस. डब्याला बुरशी येते.

येणारच. सिमेंटच्या जमिनीवर डबा ठेवू नका, खाली लाकडी पट्ट्या घाला. भिंतीपासून दोन बोटं लांब. प्लास्टिकने गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. जुनी सुती चादर बरी. आठवड्यातून एकदा अर्धा तास वाजवा, तेवढ्या उबेने हेड कोरडं राहतं. बायकोला सांगायला कारणही होतं.

घरी मोठ्याने रियाज केला तर शेजारी तक्रार करतात. नियम काय आहे?

२००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण शेजाऱ्याला आकडे सांगून उपयोग नसतो. बेस भिंतीतून जातो, त्याच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजतात. हेडफोनचं जॅक असलेला ॲम्प घ्या.

माझ्याकडे ४० वॅटचा जुना कॉम्बो आहे. मोठा घेताना तो विकू का?

नका विकू. येतात किती? त्यापेक्षा घरच्या रियाजाला ठेवा आणि मोठा डबा तालमीच्या जागीच राहू द्या. रोजची उचल-ठेव वाचते. कार्यक्रमाच्या दिवशी हेड गेलं तर कॉम्बोचं लाइन आउट मिक्सरला देऊन रात्र निघते. माझी दोनदा निघाली आहे. आता तो कॉम्बो पुतण्याकडे आहे, आणि परवा त्याने फोन करून विचारलं, "काका, किती वॅटचा घेऊ?"